आधी श्वास, मग सुई

नवी सिस्टर ट्रे घेऊन थेट बाळाकडे निघाली की मी तिला थांबवते. झोपलंय तोवर श्वास मोजून घे, तेही पूर्ण 1 मिनिट. तान्ह्यांचा श्वास एका लयीत चालत नाही. 15 सेकंद मोजून चारने गुणलं तर आकडा फसवा निघतो. थर्मामीटर शेवटी. एकदा रडायला लागलं की श्वास काय नि ठोके काय, सगळंच चढतं.

8-9 महिन्यांचं बाळ अनोळखी चेहरा बघून भोकाड पसरतं, ते वाढीचंच लक्षण. आईच्या मांडीवरच तपासावं. 2 वर्षांच्याला 'औषध घेतोस का?' विचारलं की 'नाही' ठरलेलं; 'कपातून की (बिनसुईच्या) सिरिंजने?' असं विचारायचं.

माझा जीव मात्र 4-5 वर्षांच्यांवर. एकीने हळूच विचारलं, "मी दादाला मारलं म्हणून मला ताप आला?" या वयात आजार म्हणजे शिक्षा वाटू शकते. म्हटलं, "नाही गं, तुझी काही चूक नाही." आणि टोचल्या जागी पट्टी हवीच, नाहीतर सगळं रक्त तिथूनच वाहून जाईल अशी त्यांना धास्ती असते. (डॉक्टर हसतात. हसू देत.)

मोठ्या मुलांसाठी पडदा ओढा आणि आईबाबांशी नाही, त्यांच्याशी बोला.