पिंच मयूरासन अपडेट: कोपरं, बरगड्या आणि लाइक्स

मंडळी, यावेळी फोटोंचा विषय टाळून प्रगती सांगताच येत नाहीये, त्यामुळे दोन्ही एकदम लिहितेय.

आधी पिंच मयूरासन, म्हणजे कोपरापासून तळव्यापर्यंतचे हात जमिनीला टेकवून, त्यांवर उलटं उभं राहायचं. भिंतीपाशी आता फार उडी न मारता पाय वर जातात, रोज नाही, पण पोटऱ्या-मांड्या मोकळ्या झाल्या असतील तर जातात. कोपरांच्या जरा वर बेल्ट, दोन्ही तळव्यांच्या मध्ये ब्रिक (योगाची वीट), एवढा सरंजाम असला की टिकतं. बेल्ट काढला की कोपरं बाजूला पळतात, खांदे खचतात आणि डोकं जमिनीकडे यायला लागतं. पायांचं काही म्हणणं नाही, ते मजेत वर आहेत.

आता गंमत अशी की यातलं काहीच इन्स्टावरच्या फोटोत दिसत नाही. तो फोटो समोरून आहे, सकाळचं ऊन आहे, फोनच्या पॉइंट फाइव्ह, म्हणजे वाइड लेन्सवर पाय फ्रेमच्या कडेला आले की लांबच लांब दिसतात, आणि खाली "कमाल गं", "गोल्स!", आगीचे इमोजी, शिवाय फॅमिली ग्रुपवर आत्याचं "जपून, मान मोडेल". तोच व्हिडिओ बाजूने लावला तर सरळ दिसतं की बरगड्या पुढे आल्यात आणि कंबरेचं केळं झालंय. बाजूचा फोटो मी कधीच टाकला नव्हता, तुमच्यापैकी किती जणांनी टाकलाय ते मनातल्या मनात मोजा.

लाइक आवडतात, यात लाजण्यासारखं काय आहे. एकटीने पहाटे उठून भिंतीशी झटापट करायची आणि कुणी बघूही नये असं वाटायला आपण काही हिमालयात बसलेलो नाही. मला खटकतं ते वेगळंच, फोटो हळूहळू सरावाचा क्रम ठरवायला लागतो. पिंचला टाळ्या मिळतात म्हणून आठवडाभर पिंच. जानुशीर्षासनात (एक पाय दुमडून पुढे वाकायचं) उजवा गुडघा हवेत लटकतोय, त्याला घडीचं ब्लँकेट द्यायला हवं, पण असल्या फोटोला कोण विचारतंय! बोल्स्टरवर, म्हणजे जाड लोडावर, कंबर टेकून पाय वर सोडायची विपरीत करणी केली तो फोटो टाकला तर मावसबहिणीचा मेसेज, "बरी आहेस ना? झोपून का आहेस?" आणि उज्जायी प्राणायामाचा फोटो काढणार तरी कसा, डोळे मिटून बसलेली बाई एवढंच दिसणार.

हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात पहिल्याच प्रकरणात म्हटलंय की सिद्धी हवी असेल तर ही विद्या झाकून ठेवा, दाखवली की तिचं बळ जातं. हा श्लोक फोटोवाल्यांच्या तोंडावर मारायला लोकांना फार आवडतो. पण मग योगगुरू बीकेएस अय्यंगारांचं काय करायचं? १९३८ साली म्हैसूरला त्यांच्या आसनांचं चित्रीकरण झालं होतं, पुढे १९६६ च्या 'लाइट ऑन योग' पुस्तकात तर ६०० च्या आसपास फोटो आहेत, आणि आपल्यातले कितीतरी जण त्या फोटोंवर बोट ठेवूनच टाच कुठे, गुडघा कुठे ते शिकले. म्हणजे दाखवण्याला माझी ना नाही. बघणारा टाचेकडे बघतोय का, एवढाच माझा मुद्दा.

म्हणून सध्या असं चाललंय: फोन स्टुलावर, कोपरांच्या रेषेत, बाजूने, पूर्ण व्हिडिओ. त्यातून सगळ्यात देखणी नाही तर तिसऱ्या श्वासाची फ्रेम काढायची, कारण पहिल्या श्वासाला सगळेच हिरो असतात. ती फ्रेम आमच्या क्लासमधल्या एका काकूंना पाठवते, त्या माझ्या किती आधीपासून करतायत देव जाणे. त्यांनी परवा व्हॉइस नोट पाठवली, "पाय सोड गं, ते आपोआप येतील, आधी दंड आत घे आणि मान कुठे बघतेय ते बघ." ना वा, ना छान. आणि खरं सांगू, त्या एका वाक्याने दिवसभर जेवढं बरं वाटलं तेवढं आगीच्या इमोजींनी कधी वाटलं नव्हतं.

इन्स्टावर लाइकचा आकडा लपवायची सोय २०२१ पासून आहे, ती चालू केलीय. फार उपयोग नाही, आपल्या पोस्टचा आकडा आपल्याला टॅप केला की दिसतोच आणि मी टॅप करते. एकवीस जूनला योगदिनी सगळी सोसायटी गार्डनमध्ये वृक्षासनात उभी राहते, तेव्हा माझाही फोटो येणारच, हौस आहे.

तोवर पुढचं काम: बेल्टशिवाय कोपरं जागेवर ठेवणं. डॉल्फिन (कोपरं टेकवून, पाय जमिनीवरच ठेवून कंबर उचलणं) करून झालं, ब्रिक करून झाली, कोपरांखाली चिकट मॅटचे तुकडे घालून झाले. कुणाचं असं सुटलं असेल तर काय केलंत ते नीट सांगा, "हळूहळू होईल" सोडून काहीही चालेल. आणि फोटो पाठवलात तर बाजूने.