खैराच्या गाभ्यावर २५ मायक्रॉनचं टोक: आतापर्यंतची नोंद

खैराच्या लाकडाच्या चकतीवरून विजेचं बारीक टोक फिरवायचं आणि त्यातून वाहणाऱ्या प्रवाहावरून गाभ्यातलं कॅटेचिन (कातातला एक घटक) जागोजागी मोजायचं, असा हा प्रयोग. टोक आता स्थिर चालतंय. काचेत बंद केलेली २५ मायक्रॉनची प्लॅटिनम तार, भोवतीची काच तारेच्या दहापट रुंद राहील इतकी घासलेली, शेवटचा हात ०.०५ मायक्रॉनच्या ॲल्युमिना पुडीचा. द्रावण: १ मिलीमोलर पोटॅशियम फेरोसायनाइड, ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइड, पीएच ७ वर स्थिर ठेवणारा फॉस्फेट बफर. (यात तीव्र आम्ल कधीही घालू नका, विषारी हायड्रोजन सायनाइड सुटू शकतो.) सिल्व्हर क्लोराइडचा थर असलेल्या चांदीच्या तारेच्या तुलनेत टोकावर +०.४ व्होल्ट; यावर फेरोसायनाइडचं ऑक्सिडाइज होऊन फेरिसायनाइड होतं आणि त्यातून प्रवाह येतो. लाकडापासून लांब असताना गणिताने ३.१ नॅनोअँपिअर यायला हवेत, म्हणजे १०० मेगाओहमच्या रोधावर ०.३१ व्होल्ट. कमी आले तर टोक मळलंय, पुन्हा घासा. घरच्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण अर्थिंग केलेल्या पत्र्याच्या डब्यात सेल ठेवल्यावर जाते.

काचपट्टीवर उतरताना १२ मायक्रॉनवर प्रवाह निम्मा होतो, कारण काच टोकाकडे येणाऱ्या फेरोसायनाइड आयनांची वाट अडवते. खैराच्या गाभ्यावर तो इतका पडत नाही. टोकावर तयार झालेलं फेरिसायनाइड लाकडातल्या कॅटेचिनला गाठतं, पुन्हा फेरोसायनाइड होऊन टोकाकडे परततं. यात कॅटेचिन खर्ची पडतं, म्हणून त्याच जागी टोकाच्या दुसऱ्या फेरीतला प्रवाह पहिल्या फेरीपेक्षा कमी येतो. दोन फेऱ्यांमधला हा फरक हेच आपलं खरं मोजमाप!

पण खैर म्हणजे कात. कोकणात गाभ्याचे तुकडे उकळूनच तो काढतात, तेव्हा थंड बफरमध्येही थोडा सुटणारच. सुटलेलं कॅटेचिन टोकावर थेट ऑक्सिडाइज होतं, प्रवाह फुगवतं आणि प्लॅटिनमवर थर चढवतं. म्हणून चकती दोन दिवस बफरमध्ये, बफर चार-पाचदा बदलून. मग फेरोसायनाइडशिवाय मोजून बघा. प्रवाह शून्याजवळ आला नाही तर अजून भिजवा. भिजवल्याने दुसरंही काम होतं: ओलावा ३० टक्क्यांच्या पुढे गेला की लाकूड फुगायचं थांबतं. कोरडी चकती मोजणी चालू असताना वर येते आणि टोक फुटतं.

लाकडातल्या पाणी वाहून नेणाऱ्या वाहिन्यांमधली हवा काढायला चकती बफरसकट सिरिंजमध्ये घाला, तोंड बोटाने दाबून दट्ट्या ओढा. बुडबुडे थांबेपर्यंत हे करायचं.

लोखंडी पातं मात्र नको. त्याचे कण फेरिसायनाइडशी मिळून निळे ठिपके पडतात आणि तेवढी जागा वाया जाते. ताज्या फोडलेल्या काचेच्या धारेने तासलेला पृष्ठभाग सगळ्यात स्वच्छ मिळतो.

पुढे बाहेरच्या फिकट लाकडापासून गाभ्यापर्यंत २ मिलिमीटरची रेष, ५ मायक्रॉनच्या पावलांनी. वाहिनीच्या खड्ड्यावर टोकापासून लाकूड लांब जातं आणि प्रवाह आपोआप वाढतो, म्हणून खड्ड्यांच्या जागा आधी सूक्ष्मदर्शकाखाली टिपून ठेवायच्या.