तेहतीस वर्षांची खतावणी

वडिलांचे अमळनेरला कापडाचे दुकान होते. ते बंद झाले तेव्हा लाल कापडी बांधणीच्या चार कोऱ्या खतावण्या घरी आल्या आणि त्यांपैकी एक जवळजवळ सहा वर्षांपासून माझ्या जळगावच्या घरी टेबलावर आहे. पहिल्या पानावर, जेथे 'श्री' लिहून साल घालण्याची रीत आहे, तेथे मी 'डार्क, एप्रिल २०२०' असे लिहिले आहे. 'डार्क' या मालिकेबद्दल आम्ही काहीजणांनी लढवलेल्या तर्कांचा हा हिशेब. डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला नावे. पडद्यावर जे प्रत्यक्ष दिसले ते जमेला धरायचे आणि जे आमच्या मनात आले ते नावे टाकायचे. तर्क खरा ठरला की तारीख घालून तो जमेकडे वळवायचा. खोटा ठरला तर त्यावर एकच रेघ मारायची, पण ती अशी की खालची अक्षरे वाचता आली पाहिजेत. खोडून काढण्याची परवानगी कोणालाच नाही, मला तर मुळीच नाही.

पुढच्या मजकुरात 'डार्क' आणि 'सेव्हरन्स' या दोन मालिकांमधील मोठी गुपिते उघडी पडणार आहेत. ज्यांनी त्या पाहिलेल्या नाहीत त्यांनी येथेच थांबावे, अशी मनापासून विनंती आहे. एका परिचिताने फोनवर बोलता बोलता आम्हाला एका मालिकेचा शेवट सांगून टाकला होता. त्याचा हेतू वाईट नव्हता, परंतु त्या रात्री नावे बाजूची दोन पाने निकामी झाली आणि त्याची हळहळ अजून आहे.

विज्ञानकथेवरच्या मालिकेबद्दल तर्क लढवण्याची सवय मला १९९८ मध्ये लागली. दूरदर्शनवर 'कॅप्टन व्योम' आठवड्यातून एकदा लागत असे आणि ऐन भागाच्या वेळी आमच्या गल्लीतील वीज कितीतरी वेळा जात असे. दुसऱ्या दिवशी शाळेत, वीज न गेलेल्या भागातील तीन मुले तो भाग तीन तऱ्हांनी सांगत आणि त्या तिघांच्या सांगण्यातून नेमके काय घडले असेल ते आम्ही मधल्या सुट्टीत जुळवत बसत असू. जो साक्षीदार यानाचा रंग, दरवाजाची बाजू, कोण आधी बोलले असे बारकावे सांगे, त्याच्यावर आम्ही विश्वास ठेवत असू. नुसते 'जबरदस्त होते' म्हणणाऱ्यावर नाही. ती कसोटी मी आजही सोडलेली नाही.

'डार्क'साठी आम्ही पाचजण जमलो, तेही फोनवर, कारण टाळेबंदीत जळगावहून भुसावळलाही जाता येत नव्हते. भुसावळचा मित्र रेल्वेत गार्ड आहे, धुळ्याची मैत्रीण वनस्पतिशास्त्र शिकवते आणि मामेभाऊ चोपड्याकडे केळी लावतो. चौथा मी आणि पाचवी माझी फुई. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. ती मालिका पाहत नसे. माझ्या खोलीत वाती वळत बसे आणि आमच्या तोंडून गोष्ट ऐकत असे. ही जर्मन मालिका २०१७ ते २०२० या काळात तीन पर्वांत आली आणि तिचे एकूण २६ भाग आहेत. विंडेन नावाच्या गावात २०१९ मध्ये एक मुलगा नाहीसा होतो, गावात अणुऊर्जा केंद्र आहे, जवळ एक गुहा आहे आणि त्या गुहेतून माणसे ३३ वर्षे मागे किंवा पुढे जातात: १९५३, १९८६, २०१९. गार्ड मित्राने पहिल्याच आठवड्यात याचे वेळापत्रक केले. मागच्या काळात जाणारा तो अप, पुढच्या काळात जाणारा तो डाउन. कोणती व्यक्ती कोणत्या साली कोणत्या वयाची आहे, हे आम्ही त्याच्या तक्त्यावरूनच तपासत असू.

पहिल्या पर्वाच्या पाचव्या भागात, नाहीसा झालेला अकरा वर्षांचा मिकेल हाच १९८६ मध्ये जाऊन, तेथे मोठा होऊन मालिकेचा नायक योनास याचा बाप झाला हे उघड होते, तेव्हा फोनवर कितीतरी वेळ कोणीच बोलले नाही. मग फुईने वात खाली ठेवून विचारले, "म्हणजे तो पोरगा आपल्याच बापाबरोबर शाळेत जात होता का?" इतक्या थोड्या शब्दांत तो प्रसंग मी दुसऱ्या कोणाकडून ऐकलेला नाही.

आमच्या खतावणीतील सर्वांत मोठी नावे नोंद नोआ या पाद्र्याची आहे. नोआ म्हणजे मोठा झालेला बार्टोश, म्हणजे योनासचा मित्र, असा माझा तर्क होता. जगभरच्या कितीतरी चाहत्यांनी हाच तर्क केला होता हे मला पुढे समजले. नोआ बार्टोशला हेरतो, त्याला आपल्या बाजूला ओढतो आणि या मालिकेत माणूस स्वतःलाच घडवत असतो, त्यामुळे हे सारे चपखल बसत होते. गार्ड मित्राने वयाचा हिशेबही जुळवून दिला. धुळ्याच्या मैत्रिणीने मात्र त्या नोंदीपुढे सही करायला, म्हणजे तो तर्क मान्य करायला, नकार दिला. तिचे म्हणणे असे की, मालिका जेव्हा दोन वयांतील एकच माणूस दाखवते तेव्हा ती शरीरावरची खूण दाखवते. १९८६ मध्ये नाहीशा झालेल्या मॅड्सचे प्रेत त्याच्या हनुवटीवरच्या व्रणावरून ओळखले जाते, लहानपणी जखमी झालेल्या हेल्गेचा कान पुढे प्रत्येक वयात बिघडलेलाच दिसतो, योनासच्या गळ्यावरचा दोरीचा वण म्हातारपणीही तसाच राहतो. नोआ आणि बार्टोश यांच्यात अशी एकही खूण नाही, तर मग त्यांना एक का मानायचे? रोपाची जात पानावरून नव्हे, फुलावरून ठरवावी असे ती वर्गात शिकवत असेल, तोच कस तिने येथे लावला होता. मला तेव्हा राग आला होता, हे कबूल करतो.

तिसऱ्या पर्वात कळले की नोआ हा बार्टोश नसून बार्टोशचा मुलगा आहे. आम्ही एका पिढीने चुकलो होतो. मी रेघ मारली आणि तिच्या खाली मैत्रिणीचे वाक्य जमेला लिहिले: खूण दाखवल्याशिवाय ओळख पटवायची नाही. तर्क चुकला तरी त्या चुकीने आम्हाला ती संपूर्ण मालिका पुन्हा एकदा, या वेळी माणसांचे कान, मान आणि हनुवटी यांच्याकडे लक्ष देऊन पाहायला लावली. चाहत्यांच्या तर्काकडे रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणून पाहणाऱ्यांना मी नेहमी हे पान दाखवतो.

परंतु या खतावणीतले माझे सर्वांत आवडते पान ३३ या आकड्याचे आहे. मालिकेतील घड्याळजी टानहाउस सांगतो की सूर्य आणि चंद्र यांचे चक्र ३३ वर्षांनी पुन्हा जुळते. आम्हाला ते दंतकथेसारखे वाटले आणि मी ते नावे बाजूला लिहिले. फुईने ते ऐकले आणि म्हणाली, "हाऊ ते आपला धोंडाना महिना शे!" हा तर आपला धोंड्याचा महिना आहे, असे तिचे म्हणणे. अधिक महिन्यात जावयाला ३३ अनारसे का देतात, असे तिने उलट मलाच विचारले.

त्या रात्री आम्ही हिशेब मांडला. सौर वर्ष साधारण ३६५ दिवसांचे आणि बारा चांद्र महिन्यांचे वर्ष ३५४ दिवसांचे, म्हणजे दर वर्षी सुमारे ११ दिवसांची तफावत पडते. ती भरून काढली नाही तर ३३ वर्षांत ती साठत साठत जवळजवळ पूर्ण वर्षाएवढी होते आणि ३३ सौर वर्षांत ३४ चांद्र वर्षे बसून वर चार-पाच दिवस उरतात. मामेभावाला हे लगेच पटले, कारण रमजानात केळीला मागणी वाढते आणि तो महिना दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, हे त्याला लागवडीच्या वेळी ध्यानात घ्यावे लागते. एकदा ऐन उन्हाळ्यात आलेला रमजान पुन्हा त्याच दिवसांत यायला सुमारे ३३ वर्षे लागतात. आपल्या पंचांगात ही तफावत इतकी साठू देत नाहीत. एका महिन्याइतकी झाली की अधिक महिना घालून ती भरून काढतात. आता बारा महिन्यांची तफावत साठायला ३३ वर्षे लागत असतील तर एका महिन्याची साठायला त्याचा बारावा भाग लागणार, आणि ३३ वर्षांचा बारावा भाग म्हणजे बरोबर ३३ महिने. सूक्ष्म गणिताने हे अंतर साडेबत्तीस महिन्यांच्या किंचित पुढे जाते. विंडेनच्या गुहेतील ३३ आणि फुईच्या ताटातील ३३ एकाच तफावतीतून निघाले होते. ती नोंद मी त्याच रात्री जमेकडे वळवली. पडद्यावर तिचा पुरावा नव्हता, म्हणून गार्ड मित्राने हरकत घेतली होती, पण आकाशाचा पुरावा ग्राह्य धरावा असे चार मतांनी ठरले.

तिसरे पर्व २७ जून २०२० रोजी आले. कथेत जगाचा अंत ज्या दिवशी होतो तीच ही तारीख. त्या उन्हाळ्यात, बाहेर सगळे ठप्प असताना, ती तारीख दिनदर्शिकेवर पाहून अंगावर काटा आला होता. त्याच वर्षी सप्टेंबरात अधिक आश्विन लागला आणि फुईने जावयाला यायला जमणार नाही हे माहीत असूनही धोंडे केले.

पुढच्या फेब्रुवारीत बंधने सैल झाल्यावर आम्ही चौघे चाळीसगावजवळ पाटणादेवीला गेलो. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तेथे मठ काढला, असा शके ११२८ चा शिलालेख पाटणला आहे. चाहते म्हणून आम्ही तेथे का गेलो, हे सांगायला हवे. भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये लिहिलेल्या सिद्धान्तशिरोमणीत अधिक महिन्याबरोबर क्षयमासाचाही, म्हणजे पंचांगातून गळणाऱ्या महिन्याचाही, विचार आहे. शके ९७४ मध्ये क्षयमास होऊन गेला आणि पुढे १११५, १२५६ व १३७८ मध्ये येईल, असे ते लिहितात. ज्या गोष्टी आपल्या हयातीत पाहायला मिळणार नाहीत त्यांची साले त्यांनी गणिताच्या बळावर लिहून ठेवली. त्या देवळासमोर, कळण्याच्या भाकरीचे गाठोडे सोडून बसलो असताना, आमच्या नावे बाजूचा मला पहिल्यांदा अभिमान वाटला. मैत्रिणीने तेथे सातवीणीची खाली पडलेली पाने गोळा केली. ती अजून खतावणीत आहेत.

तर्काला न्याय मिळायचा तर मालिका रचणाऱ्यानेही जमाखर्च प्रामाणिक ठेवला पाहिजे, यावर आम्हा पाचांचे एकमत आहे. यंत्रमानवांच्या करमणूक उद्यानावरच्या २०१६ च्या 'वेस्टवर्ल्ड' मालिकेत दोन वेगळे काळ एकमेकांत मिसळून दाखवले होते आणि शेवटचा भाग येण्याच्या कितीतरी आधी प्रेक्षकांनी ते ओळखले, कारण उद्यानाचे बोधचिन्ह दोन काळांत वेगवेगळे होते. गुपित आधी फुटले म्हणून त्या पर्वाला कमी लेखणारे लोक मला भेटले आहेत. मला ते मुळीच पटत नाही. ज्याने बोधचिन्ह बदलून ठेवले, त्याने प्रेक्षकाला बरोबरीचा मानले. याउलट 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' मालिकेतील शेवटचे पाच सायलॉन, म्हणजे माणसांत मिसळलेले मानवरूपी यंत्रमानव, कोण, यावर लोक वर्षभराहून अधिक काळ झुरले, आणि ती नावे सुरुवातीपासून ठरलेली नव्हती. ती मालिका मला फार आवडते, तरीही त्या प्रश्नाचे पान खतावणीत उघडावेसे वाटले नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर विचारणाऱ्यापाशीच नव्हते, त्यावर पुरावे गोळा करून काय करायचे?

गेल्या वर्षी 'सेव्हरन्स'च्या दुसऱ्या पर्वाने मला पुन्हा दूरदर्शनच्या दिवसांत नेले, कारण ते दर आठवड्याला एक भाग असे आले. या मालिकेत एका कचेरीतील माणसांची कामावरची आणि बाहेरची स्मृती शस्त्रक्रियेने वेगळी केलेली असते: कचेरीतली हेली आणि बाहेरची हेलेना या एकाच शरीरातील दोन ओळखी. १७ जानेवारी २०२५ च्या पहिल्या भागात हेली बाहेरच्या जगात काय पाहिले ते सांगताना रात्रीच्या माळ्याचा उल्लेख करते. रात्री कोण बागकाम करतो? फुईचा हाच प्रश्न होता, आणि शेतकरी म्हणून मामेभावाचाही. आमच्याकडे रात्रीची वीज मिळते तेव्हा पाणी द्यायला माणसे रात्री शेतात जातात, पण बागेतल्या माळ्याला कोण रात्री बोलावील? ती हेली नसून हेलीच्या वेषातील हेलेना आहे, ही नोंद आम्ही त्याच रात्री नावे टाकली. मधल्या तीन आठवड्यांत मी दोनदा डगमगलो, मैत्रीण या वेळी ठाम राहिली. चौथ्या भागात तिचा सहकारी अर्व्हिंग तिचे डोके पाण्यात बुडवून खरे वदवून घेतो, तेव्हा गार्ड मित्र ड्यूटीवर मनमाडला होता. त्याने पहाटे साडेचारला फोन करून फक्त एवढेच विचारले: "जमेला घेतलेस का?"

येत्या १७ मे २०२६ पासून अधिक ज्येष्ठ लागतो. फुईने सर्वांना सांगावे धाडले आहेत. उन्हामुळे गच्चीवर रात्रीच बसता येईल, भरीत तेव्हा वांगी कशी मिळतात त्यावर अवलंबून राहील, पुरणाचे धोंडे मात्र नक्की होणार आहेत. 'सेव्हरन्स'चे तिसरे पर्व यायचे आहे आणि त्याच्या पानावर नावे बाजूला सध्या सात नोंदी आहेत. त्यांतली शेवटची, त्या कचेरीतील बकऱ्यांबद्दलची, फुईने स्वतः सांगितली आहे. तिच्यापुढे अजून कोणी सही केलेली नाही.