कंट्रोलमध्येच ईएडी: सशाच्या हृदयपेशींसोबतचा एक दिवस

औषध अजून बाथमध्ये, म्हणजे पेशीभोवतीच्या द्रावणात, सोडलंही नव्हतं आणि स्क्रीनवर ईएडी येत होत्या. सशाच्या डाव्या व्हेंट्रिकलमधली एकटी पेशी, तापमान ३७ अंश, दर दोन सेकंदांनी एक स्टिम्युलस, पेशीला चिकटवलेल्या काचेच्या पिपेटचं सील घट्ट. पेशीच्या व्होल्टेजचा ट्रेस झपकन वर गेला, पठारावर आला, उणे २० मिलिव्होल्टच्या आसपास रेंगाळला आणि खाली उतरायचं सोडून पुन्हा उसळला. त्यानंतर आणखी एक उसळी, मग कुठे उतार.

ॲक्शन पोटेन्शियल, म्हणजे एका ठोक्यातला व्होल्टेजचा चढउतार, पूर्ण उतरण्याआधीच येणारी ही उसळी म्हणजे अर्ली आफ्टरडिपोलरायझेशन, थोडक्यात ईएडी. ईसीजीतलं क्यूटी अंतर लांबवणाऱ्या औषधांमुळे टोर्साड द पॉइंट ही जीवघेणी लय सुरू होते, तिची ठिणगी पेशीच्या पातळीवर इथे पडते असं मानलं जातं. डोफेटिलाइड हे तसलंच औषध दिल्यावर ईएडी दिसाव्यात म्हणूनच तर प्रयोग मांडला होता. पण त्या कंट्रोलमध्येच, म्हणजे औषधाविना, दिसल्या तर औषधाचा परिणाम ताडून कशाशी पाहायचा? पुढच्या पेशीतही तेच, त्याच्या पुढच्या पेशीतही तेच.

असं झालं की पहिला संशय पेशींवरच जातो, आणि तो रास्त असतो. पेशी सुट्या करण्याचं काम मुळातच नाजूक. लँगेनडॉर्फ यांनी १८९५ साली दाखवलेल्या पद्धतीने महाधमनीत कॅन्युला बांधून द्रावण उलट्या दिशेने सोडायचं, म्हणजे महाधमनीची झडप मिटते आणि द्रावण कोरोनरी धमन्यांत शिरतं. हृदय बाहेर काढल्यापासून कॅन्युला बसेपर्यंत दोन-तीन मिनिटांच्या वर वेळ गेला किंवा कॅन्युलात एक बुडबुडा अडकला, तरी भिंतीचा एखादा भाग उपाशी राहतो. मग काही मिनिटं कॅल्शियमविरहित द्रावण, त्यानंतर पेशींना जोडणारं जाळं पचवणारी एन्झाइमं: कोलॅजिनेज आणि थोडं प्रोटिएज. पचन झालं की हृदय मऊ, फिकट होतं आणि द्रावणाचा प्रवाह वाढतो. घड्याळापेक्षा या खुणांवर थांबावं, कारण कोलॅजिनेजचा प्रत्येक लॉट वेगळा वागतो. शेवटी कॅल्शियम परत द्यायचं ते पायरीपायरीने: ०.१, ०.२, ०.५, १ आणि मग १.८ मिलिमोलर. एकदम दिलं तर कॅल्शियम पॅराडॉक्स होतो, पेशी आकसून गोळा होतात आणि सगळं हृदय वाया जातं.

त्या दिवशीच्या पेशींत मात्र खोट काढायला जागा नव्हती. लांबट, टोकं चौकोनी, आडवे पट्टे स्पष्ट, १.८ मिलिमोलर कॅल्शियममध्ये शांत पडून. कॅल्शियमने फुगलेली पेशी आपोआप वळवळते आणि तिच्यात उसळ्या येतात त्या बहुधा ट्रेस खाली उतरून गेल्यानंतर, म्हणजे डिलेड प्रकारच्या. इथे उसळ्या पठारावरच होत्या.

दुसरा संशय नळ्यांवर. आदल्या दिवशी याच रिगवर, म्हणजे प्रयोगाच्या मांडणीवर, डोफेटिलाइड वाहिलं होतं. सिलिकॉनच्या नळीत काही औषधं चिकटून राहतात आणि नॅनोमोलर पातळीवर काम करणाऱ्या औषधाचा अंशही पुरतो. नळ्या बदलल्या, बाथ आधी इथेनॉलने आणि मग भरपूर पाण्याने धुतला. ईएडी कायम.

उत्तर ट्रेसच्या सगळ्यात कंटाळवाण्या भागात होतं. उसळ्यांवरून नजर काढून दोन ठोक्यांमधल्या सपाट रेषेकडे पाहिलं: रेस्टिंग पोटेन्शियल उणे ९७ मिलिव्होल्ट. आमच्या सशाच्या पेशींत ते उणे ८३ च्या आगेमागे असतं.

इथे मी सगळ्यांना थांबवलं, कारण या एका आकड्याने संशयितांची यादी अर्धी होते. सील गळका असो, पेशी मरायला टेकलेली असो, पिपेटने पडदा फाडलेला असो, प्रत्येक बिघाड पोटेन्शियलला शून्याकडे ओढतो. बिघडलेली पेशी जास्त ऋण होत नाही. डोफेटिलाइडही सुटलं: ते हर्ग या पोटॅशियम चॅनेलमधून जाणारा आयकेआर प्रवाह अडवतं, पठारावरून उतरायला तो प्रवाह लागतो, पण विश्रांतीच्या वेळी पेशीला धरून ठेवतो तो आयके१ हा दुसरा पोटॅशियम प्रवाह. निव्वळ हर्ग अडवून रेस्टिंग पोटेन्शियल १४ मिलिव्होल्टने खाली जाणार नाही.

१४ हा आकडाही फसवा होता. पोटॅशियम ॲस्पार्टेट भरलेलं पिपेट टायरोड द्रावणात, म्हणजे बाथमधल्या क्षारांच्या द्रावणात, बुडवलं की दोहोंच्या सीमेवर जवळपास एवढाच लिक्विड जंक्शन पोटेन्शियल तयार होतो, आणि तो आम्ही नंतर वजा करतो. कुणी सॉफ्टवेअरमध्ये आणि नंतर स्प्रेडशीटमध्येही वजा केला असेल तर? किंवा सिल्व्हर क्लोराइडचा संदर्भ इलेक्ट्रोड सरकला असेल तर? दोन्हींची परीक्षा सोपी आहे. दुरुस्ती दोनदा झाली किंवा इलेक्ट्रोड सरकला तर अख्खा ट्रेस खाली सरकतो, शिखरही. आमचं शिखर अधिक ४२ वरून अधिक ४४ वर गेलं होतं; जास्त ऋण पातळीवर जास्त सोडियम चॅनेल सज्ज असतात, त्यामुळे ते थोडं चढणं साहजिकच. शिवाय पेशीवरून पिपेट उचलून बाथमध्ये शून्य पाहिलं, फरक १ मिलिव्होल्टच्या आत. म्हणजे पेशी खरोखरच उणे ९७ वर होती.

पेशीला इतकं खाली नेणारी गोष्ट एकच उरते: बाहेरचं पोटॅशियम कमी असणं. आमच्या पिपेटमध्ये १४० मिलिमोलर पोटॅशियम असतं आणि ॲम्फोटेरिसिन या औषधाने पेशीच्या पडद्यात पाडलेल्या छिद्रांतून ते पेशीत पोहोचत असल्याने आतला आकडा माहीत असतो. आतबाहेरच्या प्रमाणावरून समतोलाचं व्होल्टेज देणाऱ्या नर्न्स्ट समीकरणात ३७ अंशांना २६.७ मिलिव्होल्ट हा गुणक येतो. बाहेर ५.४ मिलिमोलर असेल तर पोटॅशियमचा समतोल उणे ८७. निम्मं, म्हणजे २.७ असेल तर उणे १०५. फरक साडेअठरा मिलिव्होल्ट. पेशी त्यातले १४ च खाली गेली हेही जुळतं, कारण बाहेरचं पोटॅशियम घटलं की आयके१ ची वाहकता घटते आणि आत येणाऱ्या किरकोळ सोडियम प्रवाहाचं वजन वाढतं.

मग सकाळच्या तपासणीत हे पकडलं का गेलं नाही? द्रावण रोज दोन यंत्रांतून जातं. पीएच ७.४ होता, कारण पोटॅशियम क्लोराइड उदासीन क्षार. तो निम्मा पडला तरी पीएचला पत्ताही लागत नाही. विरघळलेल्या कणांचं एकूण प्रमाण मोजणाऱ्या ऑस्मोमीटरने २९६ दाखवलं होतं. आमची मर्यादा ३०० च्या वर-खाली ५. पोटॅशियम क्लोराइड २.७ मिलिमोलरने कमी पडलं की ऑस्मोलॅरिटी जेमतेम ५ ने उतरते. १४० मिलिमोलर सोडियम क्लोराइडच्या शेजारी ती घट दिसतच नाही. दोन्ही यंत्रं बरोबर होती. फक्त ती पोटॅशियम मोजत नाहीत.

राहिली पोटॅशियम क्लोराइडच्या दाट स्टॉकची बाटली. लेबलवर १ मोलर लिहिलेलं, लिटरभर टायरोडमध्ये त्यातलं ५.४ मिलिलिटर घालतात. बाटलीतलं द्रावण दहापट पातळ करून ऑस्मोमीटरला लावलं. १ मोलर असतं तर १८५ च्या जवळ आकडा यायला हवा होता. आला ९४. वजनाच्या वहीत ३७.३ ग्रॅमची नोंद होती. अर्ध्या लिटरसाठी ते अचूक वजन, पण बाटली एक लिटरची आणि गळ्यापर्यंत भरलेली. स्टॉक अर्धा मोलर.

शेवटची खात्री पेशीकडून घ्यायची होती. नवं पोटॅशियम क्लोराइड तोलून नवं टायरोड केलं आणि उसळ्या मारणाऱ्या एका पेशीवर, सील तसंच ठेवून, ते सोडलं. सपाट रेषा आधी सरकली, उणे ९७, ९२, ८७, आणि ८३ वर स्थिरावली. उसळ्या लगेच गेल्या नाहीत. तीनच्या दोन झाल्या, मग एक, मग पठारावर नुसता खांदा उरला आणि काही मिनिटांत उतार गुळगुळीत झाला. या उशिराचं कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. चॅनेलवरचा परिणाम सेकंदांत उलटतो, पण कमी पोटॅशियममध्ये सोडियम-पोटॅशियम पंपही मंदावलेला असतो, पेशीत सोडियम साठतं, त्यापाठोपाठ कॅल्शियम चढतं, आणि तो साठा उपसायला वेळ लागतो.

पोटॅशियम कमी झालं तर बाहेर जाण्याची ओढ वाढते, मग ॲक्शन पोटेन्शियल आखूड व्हायला हवं, असं नव्या विद्यार्थ्यांना वाटतं. ओढ वाढते हे खरं. पण आयके१ ची वाहकता साधारण बाहेरच्या पोटॅशियमच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे निम्म्यावर आलं की ती सुमारे ३० टक्क्यांनी घटते. हर्ग चॅनेलही कमी पोटॅशियममध्ये जास्त इनॲक्टिव्हेट होतात. ओढीपेक्षा दार बंद होणं भारी पडतं, पठार लांबतं आणि ट्रेस नेमका अशा पट्ट्यात रेंगाळतो जिथे एल-टाइप कॅल्शियम चॅनेल सावरून पुन्हा उघडू शकतात. ईएडीचं हे स्पष्टीकरण जॅन्युअरी आणि रिऑर्डन यांनी १९८९ मध्ये प्रयोगाने मांडलं. ठोके जितके संथ, तितकं रेंगाळणं जास्त.

२.७ हा आकडा प्रयोगशाळेपुरता नाही. रक्तात पोटॅशियम ३.५ ते ५ असावं लागतं, आणि जुलाब-उलट्यांनी किंवा मूत्रल औषधांनी २.७ वर आलेले रुग्ण वॉर्डात असतात. हर्ग अडवणारी औषधं कमी पोटॅशियममध्ये आणखी जोरात अडवतात. म्हणूनच डोफेटिलाइड सुरू करण्याआधी पोटॅशियम आणि मॅग्नेशियम तपासून नीट करून घेतात. आमच्या बाथमध्ये नकळत तोच रुग्ण तयार झाला होता.

संध्याकाळी ती बाटली उघडल्यापासूनच्या सगळ्या फाइली काढल्या. त्यांतलं पेसिंग बहुतेक १ किंवा २ हर्ट्झचं, म्हणजे आजच्यापेक्षा जलद, त्यामुळे ईएडी कुठेच नव्हत्या आणि वरवर पाहता सगळं सुरळीत होतं. फाइली तारखेने लावून फक्त रेस्टिंग पोटेन्शियलचा आलेख काढला, तर बाटली बदलली त्या जागी रेषा सरळ पायरीसारखी खाली उतरलेली. पायरीपलीकडच्या फाइलींमध्ये डोफेटिलाइड कमी मात्रेतच जास्त परिणाम करताना दिसत होतं. त्या सगळ्या विश्लेषणातून बाजूला काढल्या, आणि टायरोडची सकाळची तपासणी आता पोटॅशियम इलेक्ट्रोडशिवाय पूर्ण धरत नाही.