लाडक्या बहिणीचे 1,770 रुपये बँकेकडून परत मिळवले, त्याची गोष्ट

ऑगस्ट 2024 मध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे पहिले दोन हप्ते एकदम जमा झाले. 3,000 रुपये. आमच्या इचलकरंजीत गल्लोगल्ली बायका एकमेकींना "तुझं आलं का?" विचारत होत्या. माझ्या वहिनींचेही आले, पण पाठोपाठ दुसरा मेसेज आला: 1,770 रुपये वजा. शिल्लक 1,230.

हे पैसे गेले होते एका खासगी बँकेतल्या जुन्या खात्यात. वहिनी पूर्वी एका गारमेंट युनिटमध्ये शिलाईला होत्या, तेव्हा मालकाने सगळ्यांची झिरो बॅलन्स पगार खाती तिथं काढली होती. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये युनिट बंद पडलं. वहिनींनी होते तेवढे पैसे एटीएममधून काढले आणि त्या खात्याकडे पुन्हा जायचं काही कारणच उरलं नाही. योजनेच्या फॉर्मवर त्यांनी वेगळ्या, सरकारी बँकेचा खाते क्रमांक दिला होता. पण डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे पैसे आधार ज्या खात्याला जोडलेलं असतं तिथं जातात, आणि आधार जोडलेलं होतं त्या जुन्या खात्याला. राज्यभर अनेक बायकांचं असंच झालं. कुणाचे मिनिमम बॅलन्सपोटी कापले, कुणाचे थकलेल्या कर्जाच्या हप्त्यापोटी. ओरड झाल्यावर सरकारनेही बँकांना हे पैसे कापू नका म्हणून सांगितलं. तरी कापलेले पैसे आपणहून परत येतील, असं काही दिसेना.

शाखेत जाऊन आधी स्टेटमेंट मागितलं. त्यात तीन तिमाह्यांचा मिनिमम बॅलन्स चार्ज होता, प्रत्येकी 500 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटीचे 90. काउंटरवरच्या मुलाने नीट समजावून सांगितलं. पगार येणं थांबलं की काही महिन्यांनी पगार खातं साध्या बचत खात्यात बदलतं आणि मग ठरावीक सरासरी शिल्लक ठेवावी लागते. खात्यात पैसे नव्हते म्हणून दंडाच्या रकमेचा 'लीन' मारून ठेवला होता, म्हणजे पुढे येणाऱ्या पैशांवर बँकेचा हक्क नोंदवून ठेवला होता. पैसे येताच सिस्टीमने ती रक्कम ओढून घेतली.

इथं मला थांबून विचार करावासा वाटला. ज्या बाईला महिन्याला 1,500 रुपये मिळावेत म्हणून सरकारने योजना काढली, तिच्या पहिल्याच जमेतले निम्म्याहून जास्त पैसे एका यंत्राने क्षणात उचलले, आणि त्याआधी कुणी तिला एक ओळ कळवली नाही. रक्कम छोटी असेल, पण वहिनींच्या शिलाईच्या मजुरीत मोजली तर छोटी नाही.

रात्री बसून रिझर्व्ह बँकेची परिपत्रकं वाचली. ती कुणालाही वाचता येतात आणि त्यातलं इंग्रजी वाटतं तेवढं अवघड नाही. 20 नोव्हेंबर 2014 च्या परिपत्रकात तीन गोष्टी स्पष्ट होत्या. शिल्लक कमी झाली तर बँकेने ग्राहकाला कळवायचं आणि ती भरायला किमान एक महिना द्यायचा. दंड जेवढी शिल्लक कमी असेल त्या प्रमाणात असला पाहिजे. आणि निव्वळ या दंडामुळे खातं उणे होता कामा नये. याहून महत्त्वाचं म्हणजे, ज्या खात्यात दोन वर्षांहून जास्त काळ ग्राहकाने स्वतः व्यवहार केलेला नाही ते निष्क्रिय धरलं जातं, आणि निष्क्रिय खात्याला मिनिमम बॅलन्सचा दंड लावताच येत नाही. हा नियमही 2014 पासून आहे. 1 एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या परिपत्रकात तो पुन्हा आला आहे. वहिनींचा शेवटचा व्यवहार 2020 मधला, आणि हे दंड खातं निष्क्रिय झाल्यानंतरचे. म्हणजे तिन्ही दंड मुळातच चुकीचे होते. शिवाय रिकाम्या खात्यावर लीन मारून पुढच्या जमेतून वसूल करणं म्हणजे उणे खात्याचा नियम मागच्या दाराने मोडणंच, असं माझं ठाम मत आहे.

दुसऱ्या दिवशी वहिनींच्या सहीने साधा एक पानी अर्ज दिला. त्यात भांडण नव्हतं, प्रश्न होते: नोटीस कधी आणि कोणत्या नंबरवर पाठवली त्याची प्रत द्या, खातं निष्क्रिय असताना दंड कोणत्या नियमाने लावला ते सांगा, 1,770 रुपये परत करा आणि लीन काढल्याचं लेखी द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घेतली. शिपाई म्हणाला, "ठेवून जा, साहेब बघतील." मी शिक्का मिळेपर्यंत उभा राहिलो. पुढे सगळं त्या तारखेवरच चाललं.

मॅनेजरसाहेबांनी काही दिवसांनी बोलावलं. चहा दिला आणि म्हणाले, "ताई, नियमात बसत नाही, पण सदिच्छा म्हणून 750 रुपये परत करतो. इथं सही करा." कागदावर लिहिलं होतं की या रकमेने तक्रार पूर्णपणे मिटली आहे आणि पुढे कुठेही दाद मागणार नाही. वहिनी माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "भावोजी, घेऊन टाकूया का? तेवढे तरी येतील." मी म्हणालो, "वहिनी, पैसे तुमचे, ठरवायचं तुम्ही. फक्त एवढं बघा, नियमात बसत नसेल तर हे 750 तरी का देतात?" त्यांनी पेन खाली ठेवलं.

बँकेला 30 दिवस द्यावे लागतात. तेवढ्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे जाता येतं. तेव्हा लागू असलेल्या 2021 च्या एकात्मिक लोकपाल योजनेत शहर कुठलं, लोकपाल कोणता हे शोधावं लागत नव्हतं. रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर तक्रार भरायची, किंवा कागदावर लिहून चंडीगडच्या केंद्राकडे पोस्टाने पाठवायची. पैसे लागत नाहीत. वकील चालत नाही, पण लेखी अधिकारपत्र देऊन घरचं माणूस प्रतिनिधी होऊ शकतं. मी तसं पत्र घेतलं. अर्जाची पोच, स्टेटमेंट आणि 750 चा सही न केलेला कागद, तिन्ही जोडले.

जिल्हा ग्राहक आयोगाचाही विचार केला होता. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही, आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे कोल्हापुरातच करता आली असती. पण तारखांना वहिनींची रोजंदारी बुडाली असती, आणि तेच प्रकरण आयोगासमोर असेल तर लोकपाल घेत नाही. म्हणून आधी लोकपाल. आयोगाची दोन वर्षांची मुदत मात्र वहीत लिहून ठेवली.

तक्रार बँकेकडे पोचल्यावर त्यांना लोकपालाला 15 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मग फोन येऊ लागले, तेही शाखेतून नाही, मुंबईच्या ऑफिसमधून. 1,500 देतो, जीएसटी सरकारकडे गेला, तो परत होत नाही, असं म्हणणं. दंडच चुकीचा होता तर त्यावरचा कर ग्राहकाने का सोसावा? बँकेने क्रेडिट नोट, म्हणजे आकारणी रद्द केल्याचा कागद काढून आपल्या हिशोबात तो वळता करायचा असतो. मी फोनवर काहीच मान्य केलं नाही, जे असेल ते ईमेलवर द्या म्हणालो. ईमेल आला तेव्हा रक्कम 1,770 होती.

वहिनींनी ती स्वीकारली, पण लीन काढल्याचं पत्र हातात आल्यावरच. बुडलेल्या मजुरीची भरपाईही आम्ही मागितली होती. लोकपाल योजनेत मनस्तापासाठी तेव्हा एक लाखापर्यंत तरतूद होती, पण तडजोड मान्य केल्यावर तो मुद्दा मिटला. तो रेटला असता तर काही मिळालं असतं, असं मला अजून वाटतं. वहिनींना मात्र प्रकरण संपवायचं होतं, आणि निर्णय त्यांचा होता.

त्यानंतर त्यांनी सरकारी बँकेत बेसिक बचत खातं काढलं, ज्यात शिल्लक ठेवायची अट नसते. आधार त्याला जोडून घेतलं आणि जुनं खातं बंद केलं. शेजारच्या दोघी आता आपापली पासबुकं घेऊन आल्या आहेत. एकीचं प्रकरण हुबेहूब असंच आहे, तिचा अर्ज पोच घेऊन दिला. दुसरीचे पैसे बचत गटाच्या थकलेल्या हप्त्यापोटी वळते झालेत. तिला हे दंडाचे नियम लागू होत नाहीत, म्हणून कर्जाचे कागद आधी मागवले आहेत.