तुम्ही विचारलंत म्हणून: इन्कोनेलचा नमुना एच का होत नाही?

एच करणं म्हणजे पॉलिश केलेला धातू रसायनाने हलका खाऊन त्याची सूक्ष्म रचना मायक्रोस्कोपखाली दिसेल असं करणं. बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या फॅब्रिकेशन शॉपमधून हा प्रश्न सारखा येतो: ‘‘नायटलमध्ये (स्पिरिटमधलं नायट्रिक ॲसिड) कार्बन स्टील काही सेकंदांत ग्रेन (धातूचे स्फटिककण) दाखवतं, मग इन्कोनेल तासभर बुडवलं तरी आरशासारखंच कसं?’’

इन्कोनेल हा निकेल-क्रोमियमचा मिश्रधातू; 625 आणि 718 हे त्याचे प्रकार. एच न होण्याचं कारण, 625मध्ये 20 ते 23 टक्के क्रोमियम असतं. त्याचा ऑक्साइडचा पापुद्रा नायट्रिकने उलट घट्ट होतो. तो फोडायला क्लोराइड किंवा वीजप्रवाह लागतो. त्यामुळे नायटलमधलं नायट्रिक वाढवत बसणं व्यर्थ, आणि स्पिरिटमध्ये ते वाढवणं धोक्याचंही.

718साठी कॉलिंग नंबर 2 (Kalling's No. 2) हे द्रावण घ्या: 5 ग्रॅम क्युप्रिक क्लोराइड, 100 मिली हायड्रोक्लोरिक, 100 मिली इथेनॉल. ग्रेनच्या सीमेवरच्या डेल्टा फेजच्या (निकेल-नायोबियम संयुगाच्या) सुया यात छान दिसतात. 625ला ग्लिसरेजिया हे मिश्रण बरं: 15 मिली हायड्रोक्लोरिक, 10 मिली ग्लिसरीन, आणि सगळ्यात शेवटी 5 मिली नायट्रिक. फ्यूम हूडखाली, लागेल तेवढंच बनवा. रंग केशरी व्हायला लागला की ते मिश्रण वाया गेलं, आणि बूच लावून ठेवायचं तर मुळीच नाही. आतला वायू बूच उडवतो.

चिमट्यात कापूस धरून हलक्या हाताने पुसत राहायचं. चकाकी मावळली की लगेच पाणी, मग स्पिरिट, मग गरम हवा. तरी कडेला तपकिरी डाग आले तर दोष एचंटचा (एच करणाऱ्या द्रावणाचा) नाही: माउंट (नमुना ज्यात बसवतात ते प्लास्टिक) आणि धातूच्या फटीतलं ॲसिड नंतर झिरपतंय. आणि काल पॉलिश केलेला नमुना आज एच करू नका. रात्रीत पापुद्रा पुन्हा जमतो. 1 मायक्रॉन डायमंडवर एकदा फिरवून लगेच घ्या. एच केल्यावर ओरखडे वर आले, तर मूळ चूक ग्राइंडिंगमध्ये शोधायची.

खरा घोळ होतो स्टीलवरच्या 625 ओव्हरलेमध्ये (वेल्डिंगने चढवलेल्या थरात). एकच मिश्रण दोन्हींवर लावलं की स्टील जळून काळं पडतं आणि फ्यूजन लाइन (दोन धातू वितळून जुळल्याची रेघ), जिच्यासाठी नमुना कापला, तीच दिसत नाही. स्टीलला 2 टक्के नायटल वेगळं. 625 इलेक्ट्रोलिटिक, म्हणजे वीज सोडून: 10 ग्रॅम ऑक्झॅलिक, 100 मिली पाणी, 6 व्होल्ट, नमुना पॉझिटिव्हला, 10-15 सेकंद. रिपोर्टमध्ये एचंट आणि वेळ दोन्ही लिहा, नाहीतर दुसऱ्या लॅबचा फोटो तुमच्याशी जुळणार नाही.