कानाशी वाजलेली टाळी

मंगळवार, रात्रीचे पावणेबारा

बॅग अजून दारातच पडली आहे. हे झोपले. मी स्वयंपाकघरात बसून लिहितेय, कारण डोळे मिटले की ती टाळी ऐकू येते. माझीच.

दिल्लीहून येताना मला खिडकी मिळाली होती. मधल्या सीटवर तो येऊन बसला. पंचविशीचा असेल. अंगावर वर्दी, मांडीवर एक लहान सॅक. ती वर ठेवायला त्याने नकार दिला, मग एअर होस्टेसने दुसऱ्यांदा सांगितल्यावर पायांखाली सरकवली. विमान निघायच्या आधी घोषणा झाली, आज आपल्यासोबत भारतीय सेनेचे एक वीर जवान प्रवास करत आहेत. पुढून टाळ्या सुरू झाल्या आणि मागे पसरत आल्या. कोणीतरी ‘भारत माता की’ म्हणालं, बाकीच्यांनी ‘जय’ म्हटलं. तो उठायला गेला. पट्टा बांधलेला होता, त्याने त्याला खाली ओढलं. तसाच अर्धवट उठलेला, हात जोडलेले, कमरेला पट्टा. मग बसला.

मी जोरात वाजवत होते. अख्ख्या विमानात त्याला सगळ्यात जवळची मी. म्हणजे माझी टाळी त्याच्या डाव्या कानापासून वीतभर अंतरावर वाजत होती.

त्याच्या खांद्यावर सीआरपीएफ लिहिलेलं मला स्पष्ट दिसत होतं. म्हणजे केंद्रीय राखीव पोलीस दल, माझा दादाही त्यातच. सव्वीस वर्षं मी लोकांना हा फरक सांगत आलेय. आर्मी वेगळी, फोर्स वेगळी. ते संरक्षण मंत्रालयाचे, आम्ही गृह मंत्रालयाचे. 2004 पासून भरती झालेली आमची पोरं नव्या पेन्शन योजनेत. दर वेळी कोणी ‘तुझा भाऊ आर्मीत ना’ म्हणालं की मी थांबवून दुरुस्त करते. आज घोषणेत ‘सेना’ म्हणाले, त्याने दुरुस्त केलं नाही, आणि मीही केलं नाही. टाळ्या वाजवत राहिले.

पण ते जाऊ दे. मला खुपतंय ते वेगळंच आहे.

सुट्टीवर येणारा जवान वर्दीत येत नाही. आमच्या घरात शेंबड्या पोरालासुद्धा हे माहीत आहे. दादा तो जुना चौकटीचा शर्ट घालून येतो. एकट्याने प्रवास करताना वर्दी नको हे सुरक्षेसाठी असतंच, पण मुळात त्यालाच ती अंगावरून उतरवायची घाई असते. सोबत काळी ट्रंक, आता ट्रंकेच्या जागी ती मोठी हिरवी बॅग. काश्मीरला असताना त्यात अक्रोड असायचे. आणि येणार झेलमने, जम्मूतावी ते पुणे, वाटेत दोन रात्री. काश्मीरसाठी विमानाचा हक्क मिळाला तो 2019 मध्ये, तोही दिल्ली-श्रीनगर आणि जम्मू-श्रीनगर एवढाच. दिल्लीच्या पुढे ज्याची त्याची गाडी. शिपाई दिल्ली-पुण्याचं आयत्या वेळचं तिकीट स्वतःच्या खिशातून काढतो तेव्हा घरून फोन आलेला असतो. वर्दी बदलायला वेळ मिळालेला नसतो. ट्रंक भरायला तर नसतोच.

हे सगळं मला पाठ आहे. आणि मी टाळ्या वाजवल्या.

आई गेली तेव्हा दादा वर्दीत आला होता. तेवढा एकदाच. छत्तीसगडात बस्तरमधल्या सुकम्याहून निघाला, रायपूर, नागपूर, मग पुणे, आणि सावडायच्या दिवशी सकाळी गावात पोचला. एसटीतून उतरला तशी पारावरची माणसं उठून उभी राहिली. शाळेला निघालेल्या पोरांनी सॅल्यूट ठोकले. कोणी ‘जय हिंद’ म्हणालं. दादाने प्रत्येकाला परत ‘जय हिंद’ म्हटलं. पारापासून आमच्या दारापर्यंत तो तेच म्हणत आला. दारात बूट काढले, त्यांवर बस्तरची लाल माती होती. संध्याकाळी वहिनीने ते मोरीत घासून काढले, पाणी लाल लाल वाहत होतं. अण्णांचं त्या दिवसाचं मला लिहायचं नाही.

तेव्हा मला त्या पारावरच्या लोकांचा किती राग आला होता. माणूस आईच्या राखेला निघालाय आणि यांना सॅल्यूट सुचतायत. अकरा वर्षं तो राग मी जपला. आज मी त्यांच्यातलीच एक झाले.

का वाजवली मी टाळी? सगळे वाजवत होते म्हणून? नाही. घोषणा ऐकली आणि माझी छाती भरून आली. वाटलं, ही दादासाठी आहे. आणखी खरं सांगायचं तर वाटलं, ही माझ्यासाठी आहे. आमच्यासाठी आहे.

आमच्या वाट्याला आलं तरी काय होतं? माझ्या लग्नात कानपिळीला चुलतभाऊ उभा राहिला. राख्या पोस्टाने धाडायच्या, त्या पोचेपर्यंत बटालियन दुसरीकडे हललेली. फोर्समधली माणसं सीआरपीएफचा अर्थच ‘चलते रहो प्यारे’ असा सांगतात. निवडणूक आली चला, दंगल झाली चला, यात्रा आली चला. भाऊबीजेला मी चंद्राला ओवाळत आले. भाऊ असून. वहिनीने दोन्ही बाळंतपणं माहेरच्यांच्या भरवशावर काढली. आणि 2019ची 14 फेब्रुवारी. दादा अनंतनागला. टीव्हीवर पुलवामा, 78 गाड्यांचा ताफा, अडीच हजारांवर जवान, बर्फाने रस्ता बंद राहिला म्हणून एकाच दिवशी निघालेले. आकडा वाढत वाढत चाळीसवर गेला. त्याचा फोन लागला रात्री पावणेअकराला. दोन दिवसांनी आमच्या सोसायटीत मेणबत्त्या लावल्या. सगळे खाली उभे होते, मी गेले नाही. जिन्यात बसून राहिले. मला त्या मेणबत्त्यांत उभं राहणं जमेना, आणि घरात बसणंही जमेना.

हल्ल्यानंतर आठवड्याने, 21 तारखेला, सरकारने शिपाई-हवालदारांनाही काश्मीरसाठी विमानप्रवास मंजूर केला. वहिनी बातमी बघत भाकरी थापत होती. एवढंच म्हणाली, “आधी द्यायचं हुतं की.”

त्याआधी, 2017च्या स्वातंत्र्यदिनापासून एअर इंडियाने जवानांना सगळ्यांच्या आधी विमानात बोलवायचं ठरवलं, तेव्हा ती बातमी मीच घरच्या ग्रुपवर टाकली होती. किती अभिमानाने टाकली होती! दादाने खाली नुसता अंगठा पाठवला. त्याने तोवर विमान आतून बघितलेलं नव्हतं.

तर ही सगळी उधारी मी आज त्या टाळीत वसूल करत होते. आणि करत होते कोणाकडून? ज्याला त्या क्षणी कोणाचं काही देणं नको होतं, घेणं नको होतं, फक्त विमान लवकर उडायला हवं होतं, त्याच्या कानाशी.

टाळ्यांनंतर पुढच्या सीटवरच्या गृहस्थांनी वळून हात मिळवला. पलीकडच्या रांगेतल्या मुलीने सेल्फी मागितला, त्याने दिला. कडेच्या सीटवरच्याने विचारलं, पोस्टिंग कुठे, तिकडे खरं काय चाललंय. तो हो-नाही म्हणत राहिला. होस्टेसने चहा आणि सँडविच आणून दिलं, पैसे घेतले नाहीत. चहा त्याने गार होऊ दिला. सँडविच समोरच्या खिशात ठेवलं, ते शेवटपर्यंत तिथेच होतं. सिग्नल नसलेला फोन तो दर पाच मिनिटांनी उघडून बघत होता. तिथे मला कळलं. म्हणजे जे पहिल्याच नजरेला कळायला हवं होतं ते तासाभराने कळलं.

“ताई, किती वाजता उतरंल?”

मी सांगितलं, साडेनऊ.

“स्वारगेटवरनं जतला रात्री गाडी असंल का? सांगलीपतोर गेली तरी चालंल.”

“असेल की,” मी म्हणाले. मला काय माहीत होतं? मी जन्मात जतला गेलेली नाही. पण तोंडातून ते निघून गेलं, आणि त्याने त्यावर विश्वास ठेवून मान हलवली.

उतरल्या उतरल्या त्याने फोन लावला. पलीकडचं ऐकू येत नव्हतं. हा एवढंच म्हणाला, “हां, उतरलो. येतोय म्हणावं. थांबा म्हणावं.”

मघापासून तेच घोळतंय. थांबा म्हणावं. कोणाला? जाणाऱ्याला, की नेणाऱ्यांना?

त्या लोकांबद्दल वाईट लिहायचं नाही. दार उघडल्यावर तो उभा राहिला तशी त्यांनी खरंच वाट करून दिली, पुढच्या दहा-बारा रांगा बसून राहिल्या. टाळ्या वाजवणारेच ते. मनात काही वाईट नसतं कोणाच्या. फक्त लोकांना जवान एक तर देवासारखा उंच दिसतो, नाहीतर एकदम खाली. 2025च्या जुलैत श्रीनगर विमानतळावर एका लष्करी अधिकाऱ्याने जादा सामानाच्या पैशांवरून विमान कंपनीच्या चार कर्मचाऱ्यांना मारहाण केली, त्याचा व्हिडिओ ऑगस्टच्या सुरुवातीला फिरला. केलं ते वाईटच, त्या पोरांना जबर मार लागला. पण त्या आठवड्यात मी वाचलं की यांना डोक्यावर कोणी चढवलं, यांचे लाड पुरे. पंधरा ऑगस्टला त्याच ग्रुपांवर तिरंग्याबरोबर सॅल्यूट. जतची शेवटची गाडी चुकेल म्हणून पोटात गोळा आलेला माणूस या दोन्हींत कुठे बसतो?

आणि मी तरी कुठे बसवला? बेल्टपाशी बॅगेची वाट बघताना डोक्यात आलं की स्वारगेट आमच्या वाटेवरच आहे. धनकवडीला जायचं तर तिथूनच जातो आम्ही. हे गाडी घेऊन बाहेर उभेच होते. बॅग तशीच सोडून मी दारापर्यंत धावले. त्याच्याकडे सामान नव्हतं, तो केव्हाच गेला होता. ह्यांनी विचारलं, कोणाला शोधतेस. कोणाला नाही म्हणाले. गाडीत ते दिल्लीच्या लग्नाचं विचारत होते, मी काय काय उत्तरं दिली आठवत नाही. त्यांच्याशी बोलायला हवं होतं. उद्या बोलेन.

साडेबारा

मध्येच लिहिणं थांबवून दादाला फोन लावला. तो मणिपूरला आहे, या वेळेला जागा असतो. सगळं सांगितलं, रडलेही. तो गप्प ऐकत होता. मग म्हणाला, “बरं मग?”

मी म्हटलं, मग काय, मी त्याच्या कानात टाळ्या वाजवल्या.

“वाजवल्या तर वाजवल्या. लोकं चांगल्या मनानं वाजवत्यात गं. माझ्यासाठी पण वाजवल्या हुत्या, श्रीनगर-दिल्लीला, पुलवामाच्याच वर्षी. लाज वाटली, वाईट नाय वाटलं.”

हे त्याने कधी सांगितलं नव्हतं. सहा वर्षांत एकदाही नाही.

मग मी आईचं काढलं. पारावरच्या लोकांचं, सॅल्यूटचं. म्हटलं, तुला तेव्हा कसं वाटलं असेल. तिकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज येत होता. मग म्हणाला, “परत जय हिंद म्हणायला लागत हुतं, म्हणून दारापतोर चालत आलो. नायतर पारावरच बसलो असतो.”

माझा अकरा वर्षांचा राग. मी तो उगाच सांभाळला की काय? त्याला आधार वाटलेली गोष्ट मी त्याच्या वतीने अपमान म्हणून धरून बसले. आता त्या रागाचं काय करायचं, मला कळत नाही. एकीकडे हलकं वाटतंय, हेही खरं. म्हणजे आज त्या पोराला माझ्या टाळीचं काय वाटलं हे मला ठरवता येणारच नाही. कदाचित ती त्याने ऐकलीही नसेल.

फोन ठेवताना दादा म्हणाला, “पुढच्या टायमाला आधी बूट बघ. बुटावरनं कळतं. चकाचक असतील तर खुशाल वाजव. नसतील तर पाणी इचार.”

बूट मी बघितले होते. सॅक पायांखाली सरकवली तेव्हाच बघितले होते. चिखल वाळून पांढुरका झाला होता, आणि उजव्या बुटाची नाडी अर्ध्याच भोकांतून ओवून गाठ मारलेली होती.

सांगलीची गाडी मिळाली असेल तर आत्ता खंबाटकी चढत असेल.